गाडी मिळेपर्यंत

मुलांनो, जरा डोळे मिटा आणि माझ्याबरोबर रत्नागिरीला चला. आजच्या नव्हे, तुमचे आईबाबा शाळेत जात होते त्या काळातल्या. मार्गशीर्ष महिना आहे. आंब्याला नुकता कुठे मोहोर फुटू लागलाय आणि सकाळच्या वाऱ्याला त्याचा गोडसर, किंचित नाकात झोंबणारा वास आहे. मारुती मंदिराच्या पुढे एक गॅरेज आहे. गॅरेजसमोर निळी गाडी उभी आहे आणि त्या गाडीखालून दोन पाय बाहेर आलेत. बाकीचा माणूस दिसत नाही. दिसले ना पाय? डाव्या अंगठ्याला चिंधी बांधलेली आहे बघा. आता डोळे उघडलेत तरी चालेल, गोष्ट इथूनच सुरू होते.

गाडीच्या बाजूला तिघं जणं उभी होती. एक मैना, पंचवीस वर्षांची, हातात छत्री घेतलेली. दुसरी तिची भाची काशी, वय वर्षं नऊ. आणि तिसरा, गाडी दाखवायला आलेला दलाल. तो मैनाला सांगत होता, "एका डॉक्टरची गाडी हो. देवदर्शनापुरती बाहेर काढायचे. नवी नवरी अशी ठेवलेली."

"ही घेऊ नका," पाय बोलले.

मैना दचकली. "कोण बोललं?"

"आत्या, पाय बोलले," काशी म्हणाली.

गाडीखालचा आवाज शांतपणे पुढे सांगू लागला, "गिऱ्हाईक आलंय असं वाटतं म्हणून सांगतो. ही कुठल्यातरी घाटात सपाटून आपटलेली आहे. खालचा सांगाडा जोडलेला आहे. दलाल जवळपास असेल तर तो चहाला गेल्यावर पुन्हा विचारा, नीट सांगेन."

"अरे मेल्या, मी हितंच हाय!" दलाल ओरडला.

गाडीखाली पाना खणकन पडला.

"मग काय... आता ऐकलंतच म्हणा," आवाज म्हणाला.

मैनाला हसू आवरेना. पाय सरकत सरकत पुढे आले, मग गुडघे आले, मग तेलाने काळा झालेला सदरा आणि शेवटी सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांचा एक चेहरा. त्या चेहऱ्याने वर पाहिलं. वर मैना हसत होती, छत्रीच्या कडेने ऊन तिच्या गालावर पडलं होतं. चेहरा तसाच क्षणभर बघत राहिला... आणि काही न बोलता पुन्हा गाडीखाली गेला.

"गेला," काशी म्हणाली.

त्याचं नाव शिवा. तो मूळचा पूर्णगडचा, गॅरेजचे मालक भिकाजी ह्यांच्याकडे सात वर्षं कामाला होता. गाव त्याला एका गोष्टीसाठी ओळखत होतं. शिवाने गाडीला बरी म्हटलं की ती बरी, आणि नको म्हटलं की कितीही चकचकीत असली तरी नको. दलाल त्याच्यावर चडफडायचे, पण त्यांची स्वतःची गाडी बिघडली की त्याच्याकडेच आणायचे.

आता मैनाला गाडी कशाला हवी होती ते सांगतो. तिचे वडील, सगळे त्यांना आप्पा म्हणत, आंब्याच्या लाकडी पेट्या बनवायचे. हंगाम आला की बागाबागांतून फिरून पेट्यांच्या मागण्या घ्याव्या लागत. इतकी वर्षं आप्पा एस.टी.ने फिरले. पण यंदा गुडघ्यांनी संप पुकारला. एस.टी.ची पायरी चढताना कंडक्टरला त्यांना मागून ढकलावं लागे. मैनाचा भाऊ मुंबईला गोदीत नोकरीला, त्याची मुलगी काशी शाळेसाठी इथे आजोबांकडे. म्हणजे गाडी घ्यायची तर ती चालवणार कोण? मैनाच. आणि चैत्र लागायच्या आत हे सगळं व्हायला हवं होतं, नाहीतर मागण्या दुसरीकडे जाणार.

आप्पा गाडी घेणार ही बातमी आळीत पसरली मात्र, सल्ल्यांचा पूर आला. पोस्टमन म्हणाला, "मुंबईची गाडी घेऊ नका, तिला चढ माहीत नसतो." वाणी म्हणाला, "रत्नागिरीची मुळीच घेऊ नका, तिला खारं वारं लागलेलं असतं." शेजारचे गुरुजी म्हणाले, "जीपच घ्या." त्यांच्या पत्नी म्हणाल्या, "जीपमध्ये केस उडतात." कुणी म्हणे नवी छोटी मारुती नोंदवा, कुणी म्हणे ती मिळेपर्यंत काशीचं लग्न होईल. आप्पांची बहीण गोदूबाई घरातच राहायची. तिने एवढंच सांगितलं, "काळी नको, कावळे बसतात." ह्याचा अर्थ काय ते कुणालाच कळलं नाही, पण विचारायची सोय नव्हती.

मैनाचं डोकं भणभणलं. रात्री जेवताना तिने आप्पांना निळ्या गाडीची आणि बोलणाऱ्या पायांची हकीकत सांगितली. आप्पांनी भाताचा घास तसाच हातात धरला.

"दलालासमोर बोलला?"

"दलाल आहे हे त्याला माहीत नव्हतं."

"माहीत असतं तर?"

मैनाने थोडा विचार केला. "तरी बोलला असता. चहा होईपर्यंत थांबून."

दुसऱ्या दिवशी आप्पा लंगडत गॅरेजवर गेले. "शिवा, तू ज्या गाडीला बरी म्हणशील ती मी घेणार. दुसऱ्या कुणाचं ऐकणार नाही, माझं डोकं आता पुरे झालंय. आणि गाडी मिळेपर्यंत माझ्या मुलीला चालवायला शिकव."

गाडी मिळेपर्यंत. हे शब्द लक्षात ठेवा, शिवाने फारच चांगले लक्षात ठेवले.

गोदूबाईने अट घातली, "एकटी नाय जायची. काशी मागे बसेल." तेव्हा रीत तशी होती, आणि काशीने ती फार मनावर घेतली. रोज सकाळी सातला भिकाजींची जुनी ॲम्बॅसिडर दारात येई. पुढे मैना आणि शिवा, मागे मधोमध काशी. दोन्ही सीटांच्या फटीतून डोकं पुढे काढून ती असा पहारा करी की जणू तिजोरीच राखत होती.

गावाबाहेरच्या सड्यावर, कातळाच्या मोकळ्या माळावर, शिकवणी चाले. तिथे आपटायला काही नव्हतं.

"समोरून एस.टी. आली. काय कराल?" शिवा विचारी.

"हॉर्न वाजवीन."

"छे! गाडी बाजूला घ्यायची आणि मनातल्या मनात नमस्कार करायचा. एस.टी. कुणासाठी थांबत नाही. बरं, म्हैस आली?"

"हॉर्न."

"म्हशीला हॉर्न ऐकू येतो, पण ती मनावर घेत नाही. थांबायचं. तिचं झालं की ती जाते. आठवड्याच्या बाजाराला गाडी घेऊन जायचंच नाही. आणि वळणावर—"

"हॉर्न?"

"हां, वळणावर मात्र हॉर्न," शिवा म्हणाला आणि पहिल्यांदा मोकळेपणाने हसला. "तुमचा हॉर्न एकदाचा कुठेतरी लागू पडला."

"तुम्ही गाडीखाली असताना जास्त छान बोलता," मैना पुढे बघत म्हणाली.

"तिथून कुणी दिसत नाही ना."

"म्हणजे?"

"म्हणजे... क्लच सोडा. हळू. हळू हो!"

गाडीने बेडकासारखी उडी मारली आणि बंद पडली. काशीचं डोकं दोन सीटांच्या फटीत अडकलं. ते सोडवण्यात तो प्रश्न तसाच राहून गेला.

गिअरचा दांडा स्टिअरिंगलाच होता. तिसरा गिअर पडायला त्रास देई. एकदा तो टाकायला मैनाने हात नेला आणि मदतीला शिवानेही नेला. दोन्ही हात एकमेकांवर पडले. दोघांनी एकदम काढून घेतले. गाडी आपली कुठल्याच गिअरमध्ये नसलेली, माळावरून संथ निघाली.

"आता गाडी कोण चालवतंय?" मागून काशीने विचारलं.

मैनाने घाईघाईने ब्रेक दाबला.

एकीकडे शिकवणी आणि दुसरीकडे गाड्या बघणं चालू होतं. लांज्याची एक पाहिली, शिवा म्हणाला, इंजिन तेल पितंय. चिपळूणची पाहिली, तिचे दरवाजे एका रंगाचे आणि बॉनेट दुसऱ्या. प्रत्येक वेळी तो मैनाला जवळ बोलावून दाखवी. "गाडीचं तोंड बघू नका, सगळे तोंडच बघतात. ही तेलाची पट्टी काढा, पुसा, पुन्हा बुडवा. तेल काळं आणि जाड आहे का? आता मागे धुरापुढे पांढरं फडकं धरा. आणि आपल्याकडे सगळ्यात महत्त्वाचं काय, तर पायाखालची चटई उचला."

"चटई कशाला?"

"वाळू सापडते का बघायला. आपल्याकडची हौशी माणसं संध्याकाळी गाडी भाट्याच्या पुळणीवर घालतात. ओल्या वाळूवरून गाडी मस्त पळते, चाकाशी पाणी उडतं, बघणाऱ्याला मजा वाटते. पण ते खारं पाणी खालच्या पत्र्यात शिरतं आणि आतून पत्रा खातं. वरून गाडी झकास, आणि एक दिवस पाय ठेवलात की पाय रस्त्यावर. पुळणीवर गेलेली गाडी फुकट दिली तरी घ्यायची नाही. बोटाने ठोकून बघायचं. चांगला पत्रा टणटण बोलतो, खाल्लेला बद्द."

मैना हे सगळं शिकली. एकटी असली की घरातल्या पाण्याच्या पिंपालाही ती बोटाने ठोकून बघायला लागली. गोदूबाई तिच्याकडे बघत राहायची. "बरी आहेस ना गो?"

बरी होती का? तिचं तिलाच सांगता आलं नसतं. सकाळी साडेसहालाच तिला जाग येई, वेणी दोनदा घालावीशी वाटे आणि गाडीचा आवाज गल्लीच्या तोंडाशी आला की मात्र मुद्दाम उशिरा बाहेर जावंसं वाटे. असं का, हे तिने स्वतःला विचारून पाहिलं. उत्तर आलं नाही, म्हणून तिने वेणी तिसऱ्यांदा घातली.

असे दोन महिने गेले. आणि माघात हुसेनभाईंची गाडी आली.

हुसेनभाई राजिवड्याचे, कुवेतला नोकरीला. सुट्टी संपत आली होती आणि त्यांच्या घरी आता गाडी चालवणारं कुणी उरलं नव्हतं, म्हणून ती विकायची होती. पांढरी फियाट. अंगणात चिंचेखाली उभी, आणि तिच्यावर चक्क गोधडी पांघरलेली. हुसेनभाईंनी ती गोधडी अशी काढली की झोपलेलं पोर उठू नये.

"वा!" आप्पा म्हणाले. गोदूबाईही आली होती. ती म्हणाली, "काळी नाही, बरं झालं."

शिवा गाडीखाली गेला. दोन पाय बाहेर राहिले. मैना तोवर आपली आपण बघू लागली. तेलाची पट्टी काढली, तेल मधासारखं होतं. हुसेनभाईंनी इंजिन सुरू केलं, तिने धुरापुढे फडकं धरलं, ते पांढरंच राहिलं. चटई उचलली. खालचा पत्रा जेवणाच्या ताटासारखा स्वच्छ होता. चार ठिकाणी ठोकला, चारही ठिकाणी टणटण बोलला.

मिळाली! तिला आनंदाने ओरडावंसं वाटलं. मिळाली... म्हणजे उद्यापासून सकाळी सात वाजता कुणी येणार नाही. ती चटई हातात धरून तशीच उभी राहिली. गाडी चांगली निघाली म्हणून आपल्याला रडू का येतंय, ह्याचा तिला काही केल्या उलगडा होईना.

शिवा गाडीखाली फार वेळ होता. बाहेर आला तो हात पुसत राहिला. एकच बोट तीन वेळा पुसलं.

"काय रे?" आप्पांनी विचारलं.

"नको," शिवा म्हणाला. जमिनीकडे बघत म्हणाला. "पुळणीवर गेलेली आहे."

हुसेनभाईंच्या हातातली गोधडी खाली पडली. "कोण म्हणतो? माझी गाडी? शिवा, नीट बघ बाबा!"

"बघितली."

"मग झालं," आप्पा सुस्कारा टाकून म्हणाले. "शिवा म्हणाला म्हणजे झालं."

मैनाने तोंड उघडलं. आप्पा, पत्रा चांगला आहे, मी ठोकून पाहिला, एवढंच म्हणायचं होतं. सात शब्द. ते जिभेपर्यंत आले आणि तिथेच बसून राहिले. तिने चटई पुन्हा जागेवर ठेवली, कोपरेही नीट दाबले.

दुसऱ्या सकाळी ॲम्बॅसिडर आली. शिवा म्हणाला, "उजवीकडे घ्या," आणि डावीकडे बोट दाखवलं.

"नक्की कुठे?" मैनाने विचारलं.

"जिकडे रस्ता असेल तिकडे."

सबंध सकाळ कुणी कुणाला हॉर्नवरून चिडवलं नाही. मैनाच्या डोक्यात एकच किडा वळवळत होता. हा खोटं बोलला. पण का? कुणा दलालाला मिळालाय का? मग मी का गप्प बसले? मला तर कुणी काही दिलं नव्हतं! ज्याचा शब्द सगळं गाव मानतं, त्या माणसाच्या शेजारी ती बसली होती, आणि त्याच्या शब्दावर आता विश्वास ठेवावा की नाही हेच तिला ठरवता येत नव्हतं. विचारायचं धाडसही होत नव्हतं, कारण त्याने उलटून विचारलं असतं तर?

इकडे शिवाचा शब्द आपलं काम करत होता. फियाट बघायला कुणी फिरकेना. भिकाजींनी स्वतः गाडी पाहिली आणि तेही गोंधळले, "मला तर बरी दिसते. पण शिवा म्हणतो तर काहीतरी असेल." तीन आठवड्यांनी हुसेनभाई आप्पांच्या दारात आले. चार दिवसांनी त्यांना निघायचं होतं.

"आप्पा, तुम्ही गाडी घेऊ नका. पण मला खोटा ठरवू नका. इथे असलो की दर जुम्म्याला मी तिला विहिरीच्या गोड्या पाण्याने धुतो. पुळण तिने लांबूनसुद्धा पाहिलेली नाही. आता बाजारात लोक माझ्याकडे बघून म्हणतात, हा कुजकी गाडी गळ्यात मारायला निघाला होता. ही गोष्ट घेऊन मी तिकडे कसा जाऊ?"

एका बाजूला शिवाचा शब्द, दुसऱ्या बाजूला हा वयाने पांढरा झालेला माणूस. दोघांपैकी कुणाला खोटं म्हणायचं? असा पेच पडला की आप्पांची पिढी एकच करायची. गावच्या देवीला कौल लावायचा. गुरव मूर्तीच्या दोन्ही अंगांना ओल्या कळ्या चिकटवतो, देवीपुढे प्रश्न मांडतो. उजवी कळी पडली तर खरं, डावी पडली तर खोटं.

"उद्या सकाळी देवळात," आप्पा म्हणाले. "शिवालाही निरोप धाडा."

भाट्याचा पूल ओलांडून पूर्णगडच्या वाटेवर आप्पांचं मूळ गाव. तिथवर जायचं कशाने, तर हुसेनभाई तीच फियाट घेऊन आले. आणि चावी त्यांनी मैनाच्या हातात ठेवली. "तू चालव, बेटी. गाडी वाईट असेल तर चढाला कळेल."

मैना बसली. शिवाला शेजारी बसावं लागलं. मागे आप्पा, हुसेनभाई, गोदूबाई, आणि गोदूबाईच्या मांडीवर काशी. ज्या गाडीला त्याने नावं ठेवली तिच्यातच शिवा मान खाली घालून बसला होता.

पूल मागे पडला. सुरूच्या झाडांतून समुद्राचा वारा आत आला. फियाट अशी चालत होती की मैनाच्या तळव्यांना ती हरखल्यासारखी वाटत होती. पुढे देवळाचा चढ लागला, आणि नेमक्या मध्यावर एक बैलगाडी आडवी येऊन थांबली. मैनाने ब्रेक दाबला. मागे उतार, खाली वळण.

"अगो बाय, आता मागे जाणार!" गोदूबाई ओरडली.

मैनाने हँडब्रेक ओढला. बैलगाडी हलली तसा अर्धा क्लच सोडला, गाडीचा सूर बदलेपर्यंत थांबली, मग हँडब्रेक सैल केला. गाडी एक वीतसुद्धा मागे न येता वर निघाली.

"शाब्बास!" शिवाच्या तोंडून निघून गेलं.

"कुणाला म्हणताय?" मैना पुढे बघतच हळू म्हणाली. "मला, की गाडीला?"

शिवाने खिडकीबाहेर पाहिलं. त्याचे कान लाल झालेले तिला डोळ्यांच्या कोपऱ्यातून दिसले.

देऊळ लहानसं, जांभ्या दगडाचं. मैनाकडून चावी परत घेऊन हुसेनभाई अंगणात तुळशीच्या बाजूला थांबले. "मी इथूनच ऐकतो. मी खोटा असेन तर तेही मला कळू दे."

गुरवाने कळ्या लावल्या आणि हात जोडून खड्या आवाजात गाऱ्हाणं घालायला सुरुवात केली.

"गे माय, बारा वाड्यांच्या धनिणी! आज ह्यो तुजा लेकरू आप्पा तुज्या पायाशी उभा हाय!"

"व्हय म्हाराजा!" सगळ्यांनी साथ दिली.

"चार चाकांची गाडी घ्यायला निघालाय. गाडी पुळणीवर गेली म्हणून ह्यो शिवा सांगतो, नाय गेली म्हणून ह्यो हुसेन सांगतो!"

"व्हय म्हाराजा!" ह्या वेळी शिवाचा आवाज आला नाही.

"शिवाचा बोलणा खरा असल तर उजवी दे, खोटा असल तर डावी दे. आणि कुणाच्या मनात काय वाकडा असल, ता तूच सरळ कर गे माय!"

"व्हय म्हाराजा!"

सगळ्यांचे डोळे त्या दोन कळ्यांवर. डावी पडू दे, हुसेनभाई बिचारे खरे आहेत, असं मैनाला वाटे. आणि लगेच वाटे, नको गं, डावी नको, शिवाची मान कायमची खाली जाईल. मग आपण देवीकडे मागतोय तरी काय?

"आप्पा," शिवा म्हणाला. "कळीची वाट बघू नका. मी खोटं बोललो."

गुरवाने मान वळवली.

"गाडी चांगली आहे. एवढी चांगली गाडी मी दोन वर्षांत पाहिली नाही. बाहेर हुसेनभाई उभे आहेत, त्यांचे पाय धरतो. आणि उद्या नाक्यावर उभा राहून सगळ्यांना सांगतो, शिवा खोटं बोलला."

आप्पांचा चेहरा काळवंडला. "असं सांगितलंस तर गाडीच्या बाबतीत तुला पुन्हा कोण विचारील?"

"नाही विचारलं तर नाही. त्यांचं नाव मी घालवलं, ते मलाच परत करायला हवं."

"पण का बोललास? कुणी पैसे दिले?"

"नाही."

"मग?"

शिवाने एकदा मैनाकडे पाहिलं. पहिल्या दिवशी गाडीखालून वर पाहिलं होतं, अगदी तसंच. पण ह्या वेळी लपायला वर गाडी नव्हती.

"तुम्ही म्हणाला होतात... गाडी मिळेपर्यंत शिकव. गाडी मिळाली असती तर मग... मी यायचं कशाला?"

"म्हणजे काय?" गोदूबाईने विचारलं. "ह्याचा पगार बुडणार होता काय?"

"अगो आत्ये, तसं नाही," मैना म्हणाली, आणि तिच्या लक्षात आलं की आपण उठून उभ्या राहिलो आहोत आणि इतके दिवस डोक्यात फिरणारं सगळं एकदम जागच्या जागी बसलंय. "आप्पा, त्यांना एकट्यांना रागावू नका. मीसुद्धा... मीही खोटीच. त्या दिवशी मी चटई उचलली होती. पत्रा ठोकून पाहिला होता. गाडी चांगली आहे हे मला तेव्हाच कळलं होतं."

"मग बोलली नाहीस?"

"नाही."

"का?"

मैनाने पदराचं टोक बोटाभोवती गुंडाळलं. "हे... हे जे कारण सांगतायत ना... तेच."

शिवा तिच्याकडे बघतच राहिला. "चटई उचलली होती?" तो पुटपुटला.

"तुम्हीच शिकवलंत."

"मग तीन आठवडे मी... आणि तुम्ही... एकाच गाडीत..."

"हो. आणि तुम्ही उजवीकडे म्हणून डावीकडे बोट दाखवत होता."

गोदूबाई एकदा हिच्याकडे आणि एकदा त्याच्याकडे बघत होती. आप्पांनी कपाळाला हात लावला होता, पण हाताखालचं तोंड रागावलेलं होतं की हसणारं, ते कळायला मार्ग नव्हता. तेवढ्यात मूर्तीवरून काहीतरी घरंगळलं. सगळ्यांनी पाहिलं. उजवी कळी पडली होती. आणि कुणी काही बोलायच्या आत तिच्या पाठोपाठ डावीही पडली.

"चाळीस वर्षांत असा झाला नाय," गुरव डोकं खाजवत म्हणाला. "आता ह्यो कौल धरायचा तरी कुठच्या प्रश्नाचा? गाडीचा, की..."

"पुन्हा लावा," गोदूबाई म्हणाली.

"दोनदा लावत नाहीत," आप्पा म्हणाले.

"मग अर्थ काय घ्यायचा?"

गुरवाने एक अर्थ सांगितला, आप्पांनी दुसरा, गोदूबाईने तिसरा, आणि तिघंही एकदम बोलू लागली. मैना आणि शिवा मात्र एका खांबाच्या दोन बाजूंना उभी होती आणि आपापल्या पायांकडे बघून हसत होती.

आणि काशी? मोठ्या माणसांचं कधी संपेल ह्याचा तिने थोडा वेळ अंदाज घेतला. मग ती उठली, देवळाच्या तीन पायऱ्या एका उडीत उतरली आणि तुळशीजवळ ताटकळत उभ्या असलेल्या हुसेनभाईंसमोर जाऊन उभी राहिली.

"हुसेनचाचा, तुम्ही खरे. गाडी आम्ही घेतली. आणि शिवाकाकालापण घेतलं."

हुसेनभाईंनी डोळे पुसले आणि गोंधळून विचारलं, "असं देवीने सांगितलं काय, बाळ?"

"नाही. ते अजून ठरवतायत," काशी म्हणाली. "मी सांगतेय." आणि तिने चावीसाठी हात पुढे केला.